मोबाइलमधली येळवस गावाकडच्या टीव्हीवर: घरच्या क्लिपांची डीव्हीडी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लातूर-धाराशिवकडच्या घरांत मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळं कुटुंब शेतात जमतं. आंबिलाची बिंदगी (मडकं) डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आतले चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, भज्जी-उंड्यांची पंगत, अंधार पडल्यावर पेटवलेला हेंडगा, म्हणजे पलिता. हे सगळं हल्ली चार-पाच मोबाइलांत साठतं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला, संभाजीनगरला निघून जातं. ज्यांच्या रानात सण झाला त्या आजी-आजोबांच्या हातात मात्र साधा बटणांचा फोन असतो आणि टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर. त्याचा रिमोट त्यांना चालवता येतो. डिस्क सारली, बटण दाबलं की चित्र सुरू, एवढं त्यांना पुरतं. या लेखात त्यांच्यासाठी डिस्क कशी बनवायची ते पहिल्यापासून सांगतो. येळवस हे उदाहरण म्हणून घेतलंय. लग्न, बारसं, जागरण-गोंधळ, काहीही असलं तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घरचा टीव्ही नवा असेल, त्याला यूएसबीचं खोबण असेल आणि पेन ड्राइव्ह लावून फाइल निवडणं घरातल्या कुणाला जमत असेल, तर डीव्हीडीच्या भानगडीत पडू नका. पेन ड्राइव्हवर चित्र जास्त स्वच्छ दिसतं. जिथे डीव्हीडी प्लेअरच सवयीचा आहे तिथेच ही मेहनत सार्थकी लागते, आणि अशी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.

फाइल कॉपी केली म्हणजे डीव्हीडी झाली असं नाही

नवख्या माणसाचं घोडं बहुतेक इथेच अडतं. कोरी डिस्क लॅपटॉपमध्ये टाकली, मोबाइलच्या एमपी-फोर फाइली तिच्यावर ओढल्या, डिस्क गावी नेली, आणि प्लेअर काही ती ओळखेना. लॅपटॉपवर तर चालली होती!

कारण असं. पहिले डीव्हीडी प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात विक्रीला आले, आणि व्हिडिओ डीव्हीडीचे नियम तेव्हाच ठरलेले आहेत. चित्र एमपेग-टू या पद्धतीने बांधलेलं हवं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची हवी, सेकंदाला २५ चित्रं हवीत, आवाज ४८ किलोहर्ट्‌झचा हवा. मोबाइल ज्या एच-२६४ पद्धतीने चित्रीकरण करतो ती २००३ मध्ये आली आणि नव्या फोनमधली एच-२६५ तर २०१३ मध्ये. साध्या प्लेअरमधल्या चिपला या पद्धती शिकवलेल्याच नाहीत. शिवाय डिस्कवर 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाच्या व्हीओबी, आयएफओ, बीयूपी फाइली लागतात. प्लेअर आधी आयएफओ वाचतो, त्यातून त्याला काय कुठे आहे ते कळतं आणि मग चित्र सुरू होतं.

म्हणजे कामं दोन आहेत. क्लिपा एमपेग-टूमध्ये बदलायच्या आणि त्या ठरलेल्या फोल्डरच्या रचनेत बसवायच्या. या दुसऱ्या कामाला ऑथरिंग म्हणतात.

विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की एक खिडकी उघडते: डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? दुसरा पर्याय वाचून वाटतं की आपल्याला हवं ते हेच. पण त्यानेही फाइली जशाच्या तशा कॉपी होतात, व्हिडिओ डीव्हीडी बनत नाही. ती खिडकी सरळ बंद करा.

काय काय लागेल

लॅपटॉप किंवा संगणक, त्यात २०-२५ जीबी मोकळी जागा. नव्या लॅपटॉपांत डिस्कचा कप्पा नसतो, तेव्हा यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागेल. तो थेट लॅपटॉपलाच जोडा, मध्ये यूएसबी हब नको. वीज कमी पडली की बर्न, म्हणजे डिस्कवर लिहिण्याचं काम, अर्ध्यात तुटतं.

कोऱ्या डिस्का घेताना पाकिटावर 'डीव्हीडी-आर' असं, मधल्या वजा चिन्हासह, लिहिलेलं बघून घ्या. अधिक चिन्हाच्याही चालतात, पण जुने प्लेअर वजा चिन्हाच्या डिस्का जास्त बिनतक्रार वाचतात. पुन्हापुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क फक्त चाचणीसाठी ठेवा. ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क सुरुवातीला नकोच. ४.७ जीबीची साधी घ्या, तीही एखाद-दुसरी जास्तीची, कारण पहिली डिस्क तपासणीतच जाईल असं धरून चालावं. जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकाच्या दुकानात सुट्या डिस्का मिळतात; उघड्या गठ्ठ्यातून काढलेली, बोटांचे ठसे उमटलेली डिस्क घेऊ नका.

सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं. क्लिपा कापायला आणि जोडायला शॉटकट, ऑथरिंगला डीव्हीडी स्टायलर, तपासणीला व्हीएलसी. तिन्ही त्यांच्या त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' असं भराभर दाबू नका. मध्येच दुसरं काहीतरी इन्स्टॉल करू का असं विचारलं तर नकार द्या.

क्लिपा गोळा करताना

व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपा वापरू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि तेच चित्र टीव्हीवर मोठं झालं की माणसांचे चेहरे धुरकट दिसतात. मूळ फोनला केबल लावून 'डीसीआयएम' फोल्डरमधून फाइली घ्या. भाऊ किंवा मेव्हणे दूर असतील तर त्यांना क्लिप व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की ती जशीच्या तशी येते.

सगळ्या फाइली लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये आणा, प्रत्येक फोनचा वेगळा उपफोल्डर करा. नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत द्या, मोकळी जागा न सोडता. देवनागरी नावांच्या फाइलींवर काही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात आणि चूक नेमकी कुठे आहे ते सांगतही नाहीत.

या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

निवड आणि क्रम

खरा वेळ इथे घालवा. सॉफ्टवेअरचं काम एका संध्याकाळी शिकून होतं. डिस्क बघण्यासारखी होते ती निवडीमुळे. पाच फोनांतला सगळा माल एकापाठोपाठ एक लावला तर पंगत तीनदा येते, पूजा दोन कोनांतून दोनदा येते, आणि मध्ये कुणाच्या तरी खिशात चालू राहिलेल्या कॅमेऱ्याचा अंधार.

आधी सगळ्या क्लिपा बघून काढा. बघताना कागदावर लिहा: फाइलचं नाव, त्यात काय आहे, कोण दिसतंय, चांगला तुकडा कुठून कुठपर्यंत. मग दिवस जसा घडला तसा क्रम लावा. पहाटे चुलीवर भज्जी रटरटतेय, टोपल्यात उंडे-रोडगे भरले जातायत, मग बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, बांधावरची वाट, कोप, पूजा, पंगत, झाडाला बांधलेला झोका, संध्याकाळ. क्लिपा वेगवेगळ्या फोनांतल्या असल्या तरी बघणाऱ्याला तो एकच दिवस वाटला पाहिजे. फोनांची घड्याळं साधारण जुळलेली असतात, त्यामुळे फाइलच्या वेळेवरून क्रम लावणं सोपं जातं.

आजी-आजोबांसाठी कापताना मी एक नियम पाळतो: माणसं कापायची नाहीत. मुलांना आवडतील म्हणून घेतलेली ड्रोनची किंवा सूर्यास्ताची दृश्यं खुशाल आखडती घ्या. पण धाकट्या चुलतीने वाढताना कॅमेऱ्याकडे बघून म्हटलेलं 'ए, मला नको काढू' ठेवा. गावाकडे डिस्क लावल्यावर त्याच जागी थांबवून बघतात. कुणी म्हातारं माणूस बोलत असेल तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या आणि पुढे दोन-तीन सेकंद चित्र राहू द्या. भराभर कापलेलं चित्र थकलेल्या डोळ्यांना झेपत नाही.

शॉटकटमध्ये नवा प्रकल्प उघडताना व्हिडिओ मोड 'एचडी १०८०पी २५ एफपीएस' निवडा. बहुतेक फोन सेकंदाला ३० चित्रं घेतात आणि पाल डिस्कला २५ लागतात, तेव्हा दर सहा चित्रांमागे एक गळतं. माणसं बोलतायत, जेवतायत अशा दृश्यांत ते कळत नाही. कॅमेरा भरकन बाजूला फिरवला असेल तर चित्र किंचित अडखळल्यासारखं दिसतं. तसे तुकडे वगळलेलेच बरे. क्लिप आत घेताना तिची चित्रसंख्या कमीजास्त होते आहे, रूपांतर करू का, असं शॉटकटने विचारलं तर होकार द्या. नाहीतर पुढे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

उभ्या धरलेल्या फोनच्या क्लिपा असणारच. त्या टीव्हीवर मधोमध अरुंद पट्टी होऊन दिसतात आणि दोन्हीकडे काळं राहतं. चित्र ताणून ती जागा भरू नका, माणसं बेढब दिसतात. शॉटकटमधल्या 'ब्लर: पॅड' फिल्टरने त्याच चित्राची धूसर छटा दोन्ही बाजूंना पसरते आणि चित्र डोळ्यांना बरं दिसतं. पुढच्या वर्षी शेतात निघण्याआधी सगळ्यांना फोन आडवा धरायला सांगा. हा खरा इलाज.

आवाजाचं थोडं. एका फोनचा आवाज मोठा, दुसऱ्याचा बारीक. आजोबा आवाज वाढवतात आणि पुढच्याच क्लिपमध्ये हलगी कडाडते. 'नॉर्मलाइज' फिल्टर प्रत्येक क्लिपला लावला की पातळी बरीचशी जुळते. डीजेसमोर घेतलेल्या क्लिपचा आवाज फाटलेला असेल तर तो कुठल्याही फिल्टरने सांधत नाही. तिथे आवाज अगदी कमी करून ठेवा. रानातल्या वाऱ्याची घरघर 'हाय पास' फिल्टरने कमी होते.

झालं की सगळं मिळून एकच लांब फाइल एच-२६४ मध्ये, गुणवत्ता वरची ठेवून, एक्स्पोर्ट करा; ती एमपेग-टूमध्ये पुढे डीव्हीडी स्टायलरच बदलतो. भागवार चार-पाच फाइलीही करता येतात, पण मग एक भाग संपला की पुढचा लाव हे प्लेअरला वेगळं सांगावं लागतं. नवख्यांनी एकच फाइल करावी आणि तिच्यात धडे, म्हणजे चॅप्टर, पाडावेत. त्यात चुकायला जागा कमी.

एका डिस्कवर किती मिनिटं?

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक मात्र ४.३७ दाखवतो. डिस्क खोटी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या. एका बाइटचे आठ बिट, म्हणून एकूण जागा ३७,६०० मेगाबिट धरा, थोडी मोकळी सोडून ३६,०००.

आता भागाकार करा. दीड तासाचे ५,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसहा मेगाबिट मिळतात. दोन तास कोंबले तर ५ आणि तीन तास कोंबले तर सव्वातीनच्या आसपास. यातूनच आवाजाचे ०.१९२ जातात. एक तासाचं चित्र असेल तर १० पर्यंत जागा उरते, पण डीव्हीडीच्या नियमाने चित्राला ९.८ च्या वर जाता येत नाही, आणि जुने प्लेअर तेवढ्यावरही धापा टाकतात. एक तासाला ८ भरपूर झाले.

सव्वातीन आणि साडेसहात फरक किती, ते येळवशीच्या चित्रात लगेच कळतं. पौष तोंडावर आलेला असतो, रानात ज्वारी हिरवीगार उभी, वारा सुटलेला. ज्वारीचं एकेक पान हलतंय. एमपेग-टू पद्धत आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच नव्याने नोंदवून जागा वाचवते. भिंतीसमोर बसून बोलणाऱ्या माणसात बदल थोडा, म्हणून त्याला कमी जागा पुरते. हलत्या ज्वारीत मात्र सगळंच सतत बदलत असतं. जागा अपुरी पडली की पानं जाऊन तिथे हिरवे चौकोन दिसायला लागतात. हेंडग्याचंही तेच: काळोखात नाचणारा जाळ आणि उडणाऱ्या ठिणग्या कमी जागेत काळ्या-नारिंगी चौकटी होऊन बसतात. म्हणून माझं सांगणं, एका डिस्कवर सव्वा ते दीड तासच ठेवा. जास्त असेल तर दोन डिस्का करा, दुपारपर्यंतची एक आणि संध्याकाळची दुसरी.

डीव्हीडी स्टायलरमध्ये

उघडल्याबरोबर नव्या प्रकल्पाची खिडकी येते. डिस्कचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. आकार ४.७ जीबी, बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट ते) 'ऑटो', म्हणजे वरचा भागाकार तोच करून घेतो. व्हिडिओ फॉरमॅट पाल. आस्पेक्ट रेशो १६:९. घरी जुना चौकोनी पडद्याचा टीव्ही असला तरीही हेच, प्लेअर वर-खाली काळी पट्टी देऊन चित्र बसवतो. ऑडिओसाठी एसी-थ्री.

मग आपली फाइल खालच्या पट्टीत ओढा. डिस्कवरची किती मिनिटं भरली ते खालच्या कडेला दिसत राहतं. फाइलवर दोनदा क्लिक केलं की गुणधर्मांची खिडकी उघडते, तिथे धड्यांच्या वेळा भरायच्या: सुरुवात शून्यापासून, कोप साडेआठ मिनिटांवर, पूजा चौदावर, पंगत बावीसवर, असं. रिमोटवरच्या पुढे-मागे उडी मारायच्या बटणाला हेच धडे लागतात. धडे नसतील तर पंगत बघायला दरवेळी सुरुवातीपासून फास्ट फॉरवर्ड करत बसावं लागतं.

मेनूबद्दल माझं मत ठाम आहे. सोबत येणारे फुलाफुलांचे, हलत्या बटणांचे टेम्प्लेट दिसायला छान असले तरी म्हाताऱ्या माणसाला त्यातलं कुठलं बटण निवडलं गेलंय ते ओळखू येत नाही. एक तर मेनू काढूनच टाका. डिस्क टाकली की चित्र थेट सुरू होईल. नाहीतर एकाच पानावर चार मोठी बटणं ठेवा, गडद पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, निवडलेलं बटण भडक पिवळं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं राहिलेल्या डोळ्यांना बिछान्यावरून वाचता आलं पाहिजे, या मापाने अक्षरं ठेवा.

मराठी अक्षरांची काळजी वेगळी घ्यावी लागते. मेनूत मराठी टाइप केल्यावर 'पूजा' ठीक दिसतं, पण 'आमच्या रानातली अमावस्या' लिहिताना जोडाक्षर तुटलेलं किंवा वेलांटी सरकलेली दिसली, तर फॉन्ट बदलून निर्मला किंवा मंगल लावून बघा. तरीही बिघडत असेल तर मजकूर दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये चित्रावर लिहा, चित्र जेपीजी म्हणून साठवा आणि तेच मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. वर फक्त बटणांच्या चौकटी ठेवायच्या. मी आता नेहमी असंच करतो. मजकूर कडांपासून एक दशांश आत ठेवा, कारण जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा खातात आणि 'येळवस'मधला 'ये' गायब होतो.

शेवटी बर्नचं बटण दाबा, पण थेट डिस्कवर बर्न न करता 'आयएसओ इमेज' बनवायचा पर्याय निवडा. आयएसओ म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलीत. तासाभराच्या चित्राला साध्या लॅपटॉपवर बराच वेळ लागतो. त्या वेळात लॅपटॉपवर दुसरं जड काम करू नका आणि तो झोपी जाणार नाही अशी पॉवरची सेटिंग करून ठेवा.

डिस्क भाजण्याआधी आणि भाजताना

आयएसओ फाइल व्हीएलसीमध्ये उघडा. ती अगदी डिस्कसारखी चालते. मेनू येतो का, प्रत्येक बटण योग्य जागी नेतं का, शेवटी काय होतं, ओठ आणि आवाज जुळतात का, हे सगळं इथेच बघून घ्या. चूक सापडली तर फुकटात दुरुस्त होते; डिस्कवर गेल्यावर ती डिस्क वाया.

विंडोजमध्ये आयएसओ फाइलवर उजवं क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा आणि 'व्हेरिफाय' वर खूण करा, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून पाहिलं जातं. वेग निवडता येणाऱ्या सॉफ्टवेअरने बर्न करत असाल, उदाहरणार्थ इमबर्न, तर १६ पटीच्या डिस्कवरही वेग ४ किंवा ८ ठेवा. ४ पटीने भरलेली डिस्क पंधरा मिनिटांच्या आसपास होते, ही काही फार मोठी वाट बघणं नाही. डिस्क 'फायनलाइज' करायचा पर्याय दिसला तर तो चालू हवाच.

आपल्याकडे वीज जाते, हे धरूनच चला. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस नसेल तर बर्न करू नका. मध्येच वीज गेली की ती डिस्क पुन्हा वापरता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि चार्जरही लावून ठेवा. गावात भारनियमनाच्या वेळा ठरलेल्या असतील तर वीज आल्या आल्या सुरुवात करा.

तपासणी, त्याच प्लेअरवर

लॅपटॉपवर चालली म्हणजे झालं, असं समजू नका. लॅपटॉपचा ड्राइव्ह बरंच काही सांभाळून घेतो, जुना प्लेअर घेत नाही. घरी प्लेअर नसेल तर शेजाऱ्यांचा मागा. आणि पूर्ण डिस्क बघायला वेळ नसला तरी शेवटची दहा मिनिटं नक्की बघा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे चित्राचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि घाईचा बर्न, बोटांचे ठसे, वाकडी डिस्क, सगळ्याचा त्रास आधी त्या कडेलाच जाणवतो. हेंडग्याच्या वेळी चित्र थबकायला लागलं तर दुसरी डिस्क कमी वेगाने बर्न करा.

डिस्कवर नाव लिहायला सीडी मार्कर वापरा, छापील बाजूला. बॉलपेन नको, चिकटवायचं कागदी लेबल तर अजिबात नको; ते एकीकडे उसवतं आणि डिस्क प्लेअरमध्ये थरथरत फिरते. प्रसंग, गाव आणि वर्ष लिहा. नातवाने वीस वर्षांनी डिस्क उघडली तर त्याला कळलं पाहिजे.

आणि उन्हाळा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेली किंवा गाडीच्या काचेखाली राहिलेली डिस्क वाकते. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये लेझरने रंगद्रव्याचा थर भाजलेला असतो आणि ऊन त्या रंगद्रव्याचं वैरी आहे. डबीत घालून, उभी, लोखंडी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवा.

मूळ क्लिपा मात्र डिस्कच्या भरवशावर पुसू नका. फोनमधल्या फुल एचडी चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, डीव्हीडीच्या चौकटीत चार लाखांच्या आसपास. डिस्क बघण्यासाठी, जपण्यासाठी मूळ फाइली, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन वेगळ्या घरांत.

नातेवाइकांना प्रती वाटण्याआधी डिस्कमध्ये जे दिसतात त्यांना, विशेषतः घरातल्या लेकी-सुनांना, एकदा विचारा. कुणी नको म्हटलं तर तो तुकडा काढून टाका. आयएसओ पुन्हा बनवायला लागेल तेवढा वेळ लागू द्या.

कपाटात जुन्या व्हीएचएस कॅसेटी असतील तर

नव्वदीतल्या लग्नांच्या कॅसेटी अनेक घरांत आहेत आणि त्यांचं काम आधी करायला हवं, कारण फिती दरवर्षी खराब होतात. चालू व्हीसीआर, पिवळी-लाल-पांढरी वायर आणि यूएसबी कॅप्चरचं यंत्र लागतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. कॅप्चर पाल, ७२० बाय ५७६ वर ठेवा आणि चित्र 'डीइंटरलेस' करू नका. कॅसेट आणि डीव्हीडी दोन्ही अर्ध्या-अर्ध्या ओळींनीच चित्र दाखवतात, त्यामुळे ते तसंच डिस्कवर जाऊ द्या. फितीवर पांढरी भुरी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, यंत्रही खराब होतं. ती जाणकाराकडून आधी साफ करून घ्या.

प्लेअर डिस्क घेत नसेल तर

'नो डिस्क' दिसलं तर आधी बाजारातली एखादी छापील डीव्हीडी लावून बघा. तीही चालली नाही तर दोष प्लेअरच्या भिंगात आहे. धूळ बसलेली असते, भिंग पुसून घ्या. छापील चालते आणि आपली नाही, तर लॅपटॉपवर डिस्क उघडून 'व्हिडिओ टीएस' फोल्डर आहे का बघा. तिथे फोल्डरऐवजी एकच आयएसओ फाइल दिसत असेल तर इमेज बर्न न होता नुसती कॉपी झालेली आहे. फोल्डर आहे पण चालत नाही, तर अधिक चिन्हाची डिस्क वापरली होती का ते बघा आणि वजा चिन्हाची, ४ पटीने, करून पाहा. चित्र काळं-पांढरं किंवा वर सरकत राहणारं दिसलं तर प्रकल्पात पालऐवजी एनटीएससी ही दुसरी टीव्ही पद्धत निवडली गेलीय. चित्र आहे आणि आवाज नाही, तर पिवळ्या वायरसोबत लाल-पांढरी घट्ट बसली आहे का ते बघा. त्यानंतरही आवाज आला नाही तर डीव्हीडी स्टायलरमध्ये ऑडिओ एसी-थ्री ठेवून आयएसओ पुन्हा बनवा.